दुकान वाढवल्याबाबत

जबाब देणार : चष्मेवाल्या वहिनी. (ओळखपत्रावरचे पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. त्या नावाने गल्लीत चौकशी केल्यास कोणी घर दाखवणार नाही, म्हणून इथे चालू नाव लिहिले.)
वय : एक्कावन्न वर्षे.
धंदा : चष्म्यांचे दुकान.
राहणार : त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सासूबाईंसह.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील दुकान माझ्या सासऱ्यांनी काढले, पुढे यजमानांनी चालवले आणि आता मी चालवते. सासरे व यजमान हयात नाहीत. सासूबाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. त्या रोज सकाळी दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात व रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखून हाक मारतात. त्यांना आजतागायत चष्मा नाही. चष्म्याच्या दुकानाला ही जाहिरात परवडणारी नाही, पण त्यांना सांगणार कोण.

आज मला एकाच प्रश्नासाठी बोलावले आहे. आमच्या दुकानापुढे फुटपाथवर जे लाकडी बांधकाम उभे आहे, ते करायला मी सांगितले होते की नाही. सांगितले असेल तर अतिक्रमण माझे. सांगितले नसेल तर बांधणारा इसम मालक हजर नसताना परस्पर आत शिरला असे होते व गुन्हा त्याच्यावर लागतो. हा इसम बाहेर बाकावर बसला आहे. त्याचा हातोडा, करवत, ड्रिल, पहार व टेम्पोची किल्ली ठाण्यात जमा आहे. हवालदारसाहेब म्हणाले, "हो की नाही, एवढंच सांगा." एवढ्यात भागणारे नाही, म्हणून सविस्तर सांगते.

सदर इसमाचा धंदा असा, की कोणाचे दार मोडले किंवा खिडकी फुटली, तर तातडीने येऊन फळ्या ठोकायच्या आणि जागा सुरक्षित करायची. त्यांना सगळे फळीवाले म्हणतात. कागदावर आधी 'फळीवाला' असे लिहिले होते, ते मी 'फळीवाले' करून घेतले. आदरार्थी बहुवचनामुळे आरोपी किती असा प्रश्न पुढे कोणाला पडू नये : ते एकच आहेत. त्यांचा सगळा धंदा विश्वासावर चालतो. लोक दार नसलेले घर त्यांच्या हवाली करतात आणि दवाखान्यात नाहीतर नातेवाइकांकडे निघून जातात. त्यांच्या नावावर घरात शिरल्याचा गुन्हा लागला, तर उद्या कोणत्याही मोडक्या दारात त्यांना कोणी उभे करणार नाही. हे मी त्यांच्या वतीने सांगत नाही. त्यांनी मला स्वतःसाठी काही सांगायला लावलेले नाही. मला दिसते आहे ते सांगते.

आता मुद्द्याचे. आमच्या दुकानात काही शब्द चालत नाहीत. दुकान 'बंद' करत नाहीत, वाढवतात. काच 'फुटत' नाही, वाढते. धंद्याच्या जागी वाईट बोलू नये म्हणून जुने दुकानदार असेच बोलत आले. सासऱ्यांनी हा नियम पाळला, सासूबाईंनी तो पाळायला लावला. मी मास्तरांच्या घरातून सून म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात मी विचारले, "दुकान कधी बंद होतं?" सासूबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी तेवढ्यासाठीच आले होते. तेव्हापासून 'बंद' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. स्वयंपाकघरात मी गॅससुद्धा वाढवते, आणि मग ज्योत मोठी झाली की विझली ते वाकून बघावे लागते. हवालदारसाहेबांच्या मामांचे किराणा दुकान होते असे निघाले, त्यामुळे हा भाग त्यांना लगेच समजला. फळीवाल्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणाचे दुकान नव्हते. ही त्यांची चूक धरता येणार नाही.

आज दुपारी जेवणे उरकल्यावरची वेळ होती. नक्की वेळ विचारल्यावरून सांगते, की आमचे भिंतीवरचे घड्याळ सध्या काचांच्या ढिगात आहे. शेजारच्या गाळ्यात झेरॉक्सचा धंदा करणारे गृहस्थ आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. गल्लीत त्यांचे नाव 'तीनप्रती' असे आहे, कारण ते कशाविरुद्धही अर्ज करतात आणि तीन प्रतींत करतात. मशीन घरचेच आहे. त्यांचे नवे मशीन घेऊन एक ट्रक आला. ट्रक गल्लीत मागे मागे घ्यायचा होता. भाऊजी स्वतः पाठीमागे उभे राहून हाताने 'येऊ द्या, येऊ द्या' करत होते. ट्रकमधले मशीन दिसू लागल्यावर त्यांचे लक्ष मशीनकडे गेले. हात मात्र 'येऊ द्या' करत राहिला. ट्रकवाल्याने येऊ दिला.

आमच्या दुकानाची दर्शनी काच, दाराची चौकट व बाजूची खिडकी गेली. ट्रकची वरची कड छज्ज्याला, म्हणजे आमच्या दोन्ही गाळ्यांवरून जाणाऱ्या सिमेंटच्या पट्टीला, लागली होती. पण तिकडे कोणी पाहिले नाही, सगळे खाली पाहत होते. दारात ऊन आल्यामुळे सासूबाईंनी खुर्ची आत गल्ल्यापाशी ओढली होती, म्हणून निभावले. तरी काचेचा एक तुकडा त्यांच्या दंडात घुसला. त्या दाराच्या जागी पाहून म्हणाल्या, "काच वाढली." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "रडतेस काय? झाडू आण." मी रडत नव्हते. झाडू आणला.

ट्रकवाल्याबाबत वेगळा जबाब झाला आहे, त्यामुळे ते इथे वाढवत नाही.

विजेच्या खांबावर 'तातडीने फळ्या ठोकून मिळतील' असा एक कागद बरेच दिवस चिकटवलेला आहे. त्यावरच्या नंबरावर मी फोन केला. बोलणे झाले ते आठवते तसे सांगते.

"फळीवाले का? लवकर या. काच वाढलीय."

"काय झालीय?"

"काच वाढलीय हो. दारही वाढलंय. आता दुकान वाढवायचंय, आत्ताच्या आत्ता."

"किती वाढवायचंय?"

"पूर्ण."

"पुढे जागा आहे का?"

"पुढे तर सगळं उघडंच पडलंय."

"मग मोठी गाडी घेऊन येतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटले, माणूस कामाला तत्पर आहे.

फळीवाले टेम्पोत लाकूड भरून आले, तेव्हा मी सासूबाईंना रिक्षात बसवत होते. दंडाला टॉवेल बांधला होता. फळीवाल्यांनी दुकान पाहिले, ट्रक पाहिला आणि मान हलवली. ते नंतर मला म्हणाले, की जुना भाग पाडून झालेलाच दिसत होता आणि ट्रक त्या पाडकामासाठी आला असेल असे त्यांना वाटले. सासूबाईंनी रिक्षातून डोके बाहेर काढून त्यांना बजावले, "हे बघा, दुकान नीट वाढवा. मालकांच्या हातचं दुकान आहे. कसंतरी वाढवू नका." ते म्हणाले, "आजी, बघत राहाल असं वाढवतो." त्यावर आम्ही निघालो. दुकान उघडे होते, गल्ला आत होता, गिऱ्हाइकांचे तयार चष्मे खणात होते. अनोळखी माणसावर दुकान टाकून कशा गेलात असे विचारल्यावरून सांगते, की टॉवेल लाल होत चालला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय झाले म्हणून विचारले. सासूबाई म्हणाल्या, "दंडात काच वाढलीय." डॉक्टरांनी गंभीर होऊन विचारले, "कधीपासून वाढतेय?" तिथे समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. टाके घालणे चालू असताना फळीवाल्यांचा फोन आला. सासूबाईंनी माझा हात धरला होता, म्हणून मी खांद्याने फोन धरून बोलले.

"वहिनी, वाढवत वाढवत पुढे येतोय. पण मध्ये फुटपाथ लागतोय. काय करू?"

माझ्या डोक्यात फुटपाथवर सांडलेल्या काचा होत्या. कोणाच्या पायात जाऊ नयेत. मी म्हटले, "फुटपाथवरचं सगळं आत घ्या."

"सगळं?"

"हो, सगळं. काही बाहेर ठेवू नका."

"बरं. तुम्ही म्हणता तसं," ते म्हणाले. मी त्यांना धन्यवाद दिले. हे धन्यवाद मी नोंदवून ठेवते, कारण पुढे प्रश्न येणार आहे, की मी त्या वेळी हरकत घेतली होती काय. हरकत घेतली नव्हती. आभार मानले होते.

परत आलो तेव्हा ऊन उतरले होते. रिक्षावाल्याने गल्लीत थांबवून विचारले, "कुठलं दुकान?" मी दाखवायला हात वर केला आणि तसाच राहिला. आमचे दुकान फुटपाथ ओलांडून रस्त्याच्या कडेपर्यंत आले होते. छज्ज्याच्या पोटाला घट्ट बसवलेल्या चार बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभ्या होत्या. त्यांच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना प्लायवूड ठोकलेले, वर जाड फळ्यांचे छत, समोर कडीचे दार. सासूबाई रिक्षातूनच म्हणाल्या, "आपलं दुकान एवढं पुढे कधी आलं?"

फळीवाले हात पुसत समोर आले. "या वहिनी, बघून घ्या. अजून वाढलं असतं, पण पुढे डांबर लागलं."

आत जाऊन पाहिले. काचेचा एक कण दिसला नाही. फ्रेमचे खण पुसून लावलेले होते. गिऱ्हाइकांचे तयार चष्मे ज्याच्या त्याच्या डबीत होते. गल्ला होता तिथे होता, त्यावर त्यांनी एक फळी आडवी ठेवली होती. त्याखेरीज पुढच्या नव्या भागात नगरपालिकेची कचऱ्याची पेटी, बसायचा एक सिमेंटचा बाक आणि 'झेरॉक्स मिळेल' अशी भाऊजींची उभी पाटी, एवढ्या वस्तू होत्या. फुटपाथवरचे सगळे आत घेतले होते.

भाऊजी मोजपट्टी घेऊन दाराशीच उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, हे काय चाललंय? तुम्ही गेलात आणि कोणीतरी तुमच्या दुकानात शिरून बसलंय. माझी पाटी आत नेलीय. मी फोन केलाय. अर्जही तयार आहे."

"किती प्रती?" सासूबाईंनी विचारले.

"चेष्टा नका करू काकू. हे अतिक्रमण आहे."

"अरे, पाटी तुझी आहे ना? मग आत ये आणि घेऊन जा. येऊ द्या, येऊ द्या," असे म्हणून सासूबाईंनी चांगल्या हाताने, ट्रकला करतात तशी खूण केली. भाऊजी लाल झाले, पण आत गेले. पाटीजवळ पोचल्यावर त्यांनी वाकून जमीन मोजायला सुरुवात केली.

मी फळीवाल्यांना बाजूला घेऊन 'वाढवणे' या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ सांगितला. ते ऐकून घेत होते तेव्हा त्यांचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले, "वहिनी, लोक मला 'बंद करा' म्हणतात, 'झाका' म्हणतात, 'ठोका' म्हणतात. 'वाढवा' म्हणणारं गिऱ्हाईक आजच मिळालं. मला वाटलं, एवढं वाईट झाल्यावरसुद्धा बाईंना दुकान मोठं करायचंय. म्हटलं, हिंमत आहे. म्हणून जीव लावून केलं हो." मी म्हटले, चूक माझी, पण हे आत्ताच्या आत्ता काढायला हवे. ते टेम्पोतून पहार घेऊन आले.

त्यांनी पहिल्या फळीला पहार लावली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा हो जरा. मला बसू तर द्या." त्यांनी आपली खुर्ची नव्या भागात मध्यभागी ठेवायला लावली व बसून चारी बाजूंनी पाहिले. त्या म्हणाल्या, "जन्मभर दुकान वाढवा म्हणत आले. खरंच वाढवणारा आज भेटला." फळीवाले पहार हातात धरून हसत उभे राहिले. मी दाराबाहेर, रिक्षात विसरलेली औषधाची पिशवी रिक्षावाल्याकडून घेत होते.

तेव्हा छज्जा खाली आला.

आधी करकर असा आवाज झाला, मग सगळा भार बल्ल्यांवर बसला. एक बल्ली वाकली, वरच्या दोन फळ्या चिरल्या, बाकीच्या राहिल्या. सिमेंटचा एक ढेकळाएवढा तुकडा बाहेर माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. धूळ एवढी उडाली, की आतले काही दिसेना. मी हाक मारली. काय हाक मारली असे विचारल्यावरून सांगते, की 'आई' अशी मारली. एरवी मी त्यांना 'अहो आई' म्हणते. त्या वेळी 'अहो' राहून गेले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ओरडू नकोस, मला ऐकू येतं. या तीनप्रतीला ऐकू येतंय का बघ, मोजता मोजता बसलाच आहे."

फळीवाल्यांनी पहार टाकली व आत शिरले. त्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बाहेर आणले. मग परत गेले आणि भाऊजींना दंडाला धरून आणले. भाऊजींच्या एका हातात पाटी होती आणि दुसऱ्या हातातून मोजपट्टी लांबच लांब मागे येत होती. दोघांच्याही अंगावर पांढऱ्या धुळीखेरीज काही नव्हते. मी सासूबाईंची टाक्यांची पट्टी तपासली. मग डोके तपासले. मग परत पट्टी तपासली. सासूबाई म्हणाल्या, "झालं का तुझं?" मी म्हटले, झाले. झाले नव्हते.

भाऊजींच्या फोनवरून पोलिसांची गाडी आली ती याच वेळी. त्यांनी पाहिले ते असे : मालकीण रस्त्यावर, म्हातारी रस्त्यावर, दुकानाला अनोळखी लाकूड, आणि एक अनोळखी माणूस जमिनीवरची पहार उचलतोय. त्यांनी फळीवाल्यांना गाडीत बसवले. त्या पोलिसांना मी दोष देत नाही. मी असते तर मीही बसवले असते. मी सांगायला गेले, पण धुळीने घसा बसला होता आणि सासूबाईंचा हात सोडवत नव्हता.

भाऊजींना गाडीजवळच विचारले, तक्रार ठेवायची आहे का. त्यांनी पाटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "जीव वाचला ते ठीक आहे. पण अतिक्रमण ते अतिक्रमण." त्यांनी तेव्हा पाटी छातीशी धरली होती. माणूस घाबरला, की त्याला जे येते ते तो करतो. भाऊजींना अर्ज येतो. मी त्यांच्यावर रागावलेली नाही.

गल्लीतल्या लोकांनी ठाण्यात येऊन सांगितल्याचे कळते, की फळीवाल्यांना छज्ज्याचा अंदाज आधीच आला होता, म्हणून त्यांनी मुद्दाम बल्ल्या लावल्या. लोकांना त्यांना सोडवायचे आहे. हेतू चांगला आहे, पण खोटे आहे. अंदाज कोणालाही नव्हता. बल्ल्यांना वर टेकायला काहीतरी लागते, छज्जा समोर होता, एवढेच. मी जबाब द्यायला आत येताना फळीवाल्यांनी मला बाकावरून हळूच सांगितले, "वहिनी, लोक म्हणतायत तसं लिहू नका. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी आपलं दुकान वाढवलं." गुन्ह्यातून सुटायला आयते कारण समोर ठेवलेले असताना ते नको म्हणणारा माणूस परस्पर दुकानात शिरला असेल का, हे ठाण्याने ठरवावे.

सध्याची परिस्थिती अशी, की इमारतीचा इंजिनिअर येऊन पाहून गेला. त्याने सांगितले, लोखंडी टेकू येईपर्यंत बल्ल्यांना कोणीही हात लावायचा नाही. म्हणजे लाकूड काढले तर छज्जा येतो आणि ठेवले तर कलम येते.

तक्रारदार भाऊजीही ठाण्यातच आहेत. बाकावर जागा फळीवाल्यांच्या शेजारीच होती, तिथे ते बसले. सासूबाई समोरच्या खुर्चीवर आहेत व त्यांची नजर सांगितलीच आहे. कानही तसेच आहेत. त्यांनी मला सांगितले ते असे, की दोघे भिंतीकडे पाहत होते. मग भाऊजी पुढे पाहतच म्हणाले, "छज्जा एकच आहे हो आपला. तोच पुढे माझ्या गाळ्यावरून जातो." फळीवाले म्हणाले, "हो, पाहिलं मी." भाऊजी म्हणाले, "माझ्याकडेही जरासं वाढवता येईल का? म्हणजे, अतिक्रमण न होता." फळीवाले म्हणाले, "हत्यारं आत जमा आहेत." त्यानंतर भाऊजी उठून तक्रार मागे कशी घेतात याची चौकशी करून आले. त्याला वेगळा अर्ज लागतो. तो ते लिहीत आहेत. पण सार्वजनिक फुटपाथचा विषय असल्यामुळे त्यांनी तक्रार मागे घेतली तरी माझ्या उत्तराची गरज राहते, असे मला समजावून सांगितले आहे.

म्हणून आता उत्तर देते.

दुकान वाढवायला मीच सांगितले. फोनवर एकदा सांगितले, दवाखान्यातून हरकत न घेता आभार मानले, आणि फुटपाथवरचे सगळे आत घ्यायलाही मीच सांगितले. त्या वेळी मला वेगळे म्हणायचे होते, हे खरे आहे. पण मनातले त्यांना ऐकू येणार नव्हते. जे कानांवर पडले ते त्यांनी केले. त्यांच्याकडून माझ्या सांगण्याबाहेरचे एकही काम झालेले नाही. अतिक्रमणाची नोटीस, दंड किंवा काय असेल ते माझ्या नावावर काढावे. कचऱ्याची पेटी व बाकाबद्दलही माझेच नाव घालावे. सासूबाईंनी सांगितले आहे, की त्यांचेही घालावे, कारण रिक्षातून त्यांनी बजावले होते.

या ठिकाणी हवालदारसाहेबांनी माझ्या सोयीसाठी 'दुकान बंद करण्यास सांगितले' असे लिहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की वरच्या साहेबांना कळायला सोपे जाईल, शिवाय अतिक्रमणातून माझे नाव सुटेल. हेतू चांगला होता. पण बंद करायला सांगितले आणि त्यांनी वाढवले, असे झाले, तर सगळा दोष बाकावर जातो. म्हणून ते खोडून मी बोलले होते तोच शब्द लिहून घेतला आहे. खाडाखोडीवर सही केली आहे.

फळीवाल्यांना त्यांच्या हत्यारांसह व टेम्पोच्या किल्लीसह सोडावे अशी विनंती आहे. आमच्या गल्लीत त्यांचे काम शिल्लक आहे, आणि दुसऱ्या कोणाकडे ते द्यायची आमची इच्छा नाही.

वरील सर्व मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला. तोवर सासूबाई आत आल्या होत्या व शेजारी बसून ऐकत होत्या. एका जागी मी त्यांना थांबवले. छज्जा पडल्याच्या मजकुराखाली त्यांनी सवयीने 'सुदैवाने कोणासही इजा झाली नाही' असे वाक्य घातले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगितलंत ना, त्यांना छज्ज्याचा अंदाज नव्हता? मग ते सुदैवच झालं." मी म्हटले, असेल. पण सुदैवाला कोणी पकडून आणून बाकावर बसवलेले नाही. हवालदारसाहेबांनी बाहेर बाकाकडे पाहिले, मग 'सुदैवाने' हा शब्द खोडला व त्या जागी 'फळीवाल्यांमुळे' असा लिहिला. ते वाक्य परत वाचून घेतले. आता बरोबर आहे.